एका पागेचे ऋण

पशुवैद्यकाची पदवी घेऊन 1981 साली मी ज्या खाजगी संस्थेत रुजू झालो, ती सर्पदंशावरची लस तयार करीत असे, आणि त्या लशीसाठी लागणारे रक्त ज्यांच्या अंगातून काढावयाचे त्या ऐंशी-नव्वद घोड्यांची पागा घाटमाथ्यावरच्या एका उघड्या माळावर होती. नेमणुकीच्या पत्रात माझ्या कामाचे वर्णन ‘अश्वांच्या आरोग्याची देखभाल’ असे सुटसुटीत केलेले होते. ते वाचून माझ्या मनात जे चित्र उभे राहिले, ते आजारी जनावर, त्याच्यासाठी कासावीस झालेला धनी आणि त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला वैद्य, असे महाविद्यालयात शिकविलेले सरळ आणि समाधानाचे चित्र होते. पहिल्याच सकाळी मला कळून चुकले की येथे क्रम उलटा आहे. निरोगी, तकतकीत कांतीची जनावरे मी तपासावयाची, त्यांतली सर्वांत सशक्त कोणती ती निवडावयाची, आणि मग त्यांच्या अंगात नागाचे, मण्यारीचे, घोणसाचे आणि फुरशाचे विष टोचावयाचे.

ही रीत कोठून आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने सायगावात नागदंशाचे रोगी पाहिले आणि विषाच्या लहान लहान, वाढत्या मात्रा जनावराला दिल्या तर त्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सिद्ध केले. आपली लस सर्वच सापांवर चालेल अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली, आणि ज्या सापाचे विष, त्याच विषाची लस, हा नियम पुढे स्थिर झाला. म्हणून आपल्याकडे चार प्रमुख विषारी सापांची विषे एकत्र धरून लस केली जाते, आणि तिच्या दर मिलिलिटरने नागाचे व घोणसाचे 0.6 मिलिग्रॅम आणि मण्यारीचे व फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे, असा दंडक आहे. घोडा निवडावयाचा कारण त्याच्या अंगी रक्त पुष्कळ, स्वभावाने तो माणसाच्या हाताला सरावणारा, आणि मात्रा जपून वाढवीत नेली तर विष सोसून उभा राहणारा. ‘सोसून’ हा शब्द मी येथे विचारपूर्वक लिहितो. टोचलेल्या जागी सूज येई, कधी गळू होई, दोन दिवस जनावर चंदीला तोंड लावीत नसे. मग ते सावरे, आणि सावरले की पुढची, पहिलीहून थोडी मोठी मात्रा ठरलेलीच असे. अशा कित्येक आठवड्यांनंतर त्याच्या रक्ताचा कस पाहिला जाई आणि तो पुरेसा उतरला की ते जनावर रक्त काढण्याच्या यादीत येई.

माझ्या हातून ज्या जनावराचे पहिल्याने रक्त काढले गेले, ती कुमैत रंगाची एक घोडी होती. शर्यतीच्या मैदानावरून ती आमच्याकडे आलेली असल्यामुळे कागदोपत्री तिचे लांबलचक इंग्रजी नाव होते आणि आमच्या नोंदवहीत तिचा क्रमांक 47 होता. परंतु आमच्या वृद्ध मोतद्दाराने, ज्यांना सगळी पागा ‘मामा’ म्हणत असे, तिचे नाव शेवंती ठेवले होते. मामांचे आजोबा एका संस्थानच्या पागेत चाकरीला होते, आणि घोड्याच्या अंगावरून खरारा फिरवताना त्यांच्या तोंडून जी हलकी शीळ निघे ती बहुधा तेथूनच वारशाने आली असावी. त्या सकाळी शेवंतीच्या मानेवरचे केस भादरून झाले, आयोडीन लावून झाले, आणि मी सुई उचलली तेव्हा मामांनी माझे मनगट धरले. “डाक्तरसाहेब, हात गार हाय तुमचा. आधी चोळून घ्या. तिला इख कळत न्हाई, पर हात कळतो.” मी हात चोळले. मग मानेच्या खाचेत अंगठा दाबून धरला, तशी वरची शीर अंगठ्याएवढी फुगून आली. रुंद तोंडाची सुई आत गेली, नळीतून काळसर रक्त आले, आणि खाली बसलेला पोरगा काचेची बरणी मंद गतीने गोल फिरवू लागला, म्हणजे आतल्या द्रावणात रक्त मिसळावे आणि गोठू नये. मामांनी तिच्या डोळ्यावर आपला तळवा आडवा धरला होता. पंधरा-वीस मिनिटे हे चालले. वजनाच्या सुमारे दीड टक्का रक्त घ्यावयाचे हा आमचा दस्तूर असल्याने साडेतीनशे किलोंच्या शेवंतीच्या वाट्याला पाच लिटरांच्या आसपास हिशेब आला. तेवढ्या वेळात तिचा खालचा ओठ किंचित लोंबू लागला होता आणि एक कान मामांच्या शिळेकडे वळलेला होता. सुई काढल्यावर मामांनी त्या जागी बोट दाबले, गुळाचा खडा तिच्या ओठांशी नेला, आणि तिने तो घेतला. तिने तो घेतला याचे मला त्या वेळी फार बरे वाटले. कशासाठी बरे वाटले हे मात्र कळावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली.

पहिली दोन-तीन वर्षे माझ्या मनाची अवस्था अशी होती की, दिवसा काम करताना काही वाटत नसे आणि रात्री वहीत नोंदी करताना वाटे. वैद्याने व्याधी हरावी, उत्पन्न करू नये, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. आणि मी तर पगार घेऊन, रीतसर मात्रा मोजून, नीरोगाला सरोग करीत होतो. वरिष्ठांपाशी बोललो तर ते म्हणत, “तुम्ही सर्पदंशाचा रोगी पाहिलेला नाही.” हे उत्तर तेव्हा मला टाळाटाळीचे वाटे. ते तसे नव्हते, हे मला 1986 च्या पावसाळ्यात कोकणात कळले.

रजेवर असताना एका स्नेह्यांकडे मी रायगड जिल्ह्यात गेलो होतो. ते तेथील एका लहान रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होते. लावणीचे दिवस होते. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास चौघांनी डोलीतून एक तरुण बाई आणली. बांधावरून उतरताना घोणसाने तिच्या घोट्याला दंश केला होता. पाय गुडघ्यापर्यंत टम्म सुजलेला, आणि हिरड्यांतून रक्त झिरपत होते. स्नेह्यांनी तिच्या हातातून थोडे रक्त काचेच्या परीक्षानळीत घेतले आणि ती नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटांनी त्यांनी ती कलती केली, तेव्हा रक्त पाण्यासारखे एका बाजूला वाहून गेले. गोठण्याचा धर्मच त्यातून नाहीसा झाला होता. मग त्यांनी कपाटातून कुप्या काढल्या. दहा मिलिलिटरांची एकेक कुपी फुटत होती आणि सलाईनच्या बाटलीत जात होती. मध्येच बाईच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकू लागला. घोड्याच्या रक्तातील प्रथिने माणसाच्या शरीराला परकी असल्याने असे होऊ शकते, हे स्नेह्यांना ठाऊक होते, आणि अॅड्रेनॅलिनची सुई त्यांनी आधीच भरून ठेवली होती. मी एक रिकामी कुपी उचलून दिव्याशी धरली. तिच्यावरचा गट क्रमांक माझ्या ओळखीचा होता. त्या गटात ज्या घोड्यांचे रक्तद्रव एकत्र केले होते त्यांची यादी माझ्याच अक्षरात होती, आणि 47 हा आकडा तीत होता.

पहाटे तिच्या रक्ताची नळी पुन्हा कलती केली, तेव्हा आतले रक्त हलले नाही. तिची सासू दाराशी बसून होती. तिला मी नळी दाखविली आणि रक्त गोठल्याचे सांगितले, तर ती घाबरली, तेव्हा हे चांगले लक्षण आहे असे पुन्हा समजावून सांगावे लागले. त्या पहाटेनंतर आमच्या पागेचे काम अयोग्य आहे असे मला कधीही वाटले नाही, आणि आजही वाटत नाही. भारतात सन 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी सुमारे 58,000 माणसे मरण पावली असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. ही माणसे बहुतांशी शेतात राबणारी, अनवाणी चालणारी, जमिनीवर निजणारी. त्यांच्या मरणाची बातमीसुद्धा फारशी होत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली ती 2017 साली. घोड्याच्या वेदनेला आळा घालावा म्हणून या माणसांना मरू द्यावे असे जो म्हणेल, त्याने ती परीक्षानळी एकदा हातात धरावी, एवढेच मी त्याला सांगेन.

परंतु माझी खरी अडचण येथूनच सुरू झाली. काम योग्य आहे अशी खात्री पटली की माणसाचे मन निर्धास्त होते, आणि निर्धास्त मन फार गोष्टी न पाहता पुढे जाते. मी त्यानंतरची चार-पाच वर्षे तसाच पुढे गेलो.

वर्षानुवर्षे ज्यांना विष टोचले जाते अशा घोड्यांच्या यकृतात एक मेणचट द्रव्य साचत जाते. यकृत फुगते, ठिसूळ होते, आणि कधी एखाद्या साध्या धक्क्याने फाटते. मी अशी शवे उघडून पाहिली आहेत. शेवंतीच्या रक्ताचा कस 1990 च्या सुमारास उतरू लागला. दोन महिने विश्रांती दिली, लोह दिले, हिरवा चारा वाढविला, तरी रक्तातील तांबडेपण भरून येईना. तेव्हा मी नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘अनुपयुक्त’ असा शेरा लिहून खाली सही केली. त्या काळी आमच्या संस्थेचा शिरस्ता असा की, वर्षाअखेर निर्लेखनाची एक यादी विश्वस्तांपुढे मंजुरीसाठी जाई. त्या वर्षीच्या यादीत दोन लोखंडी कपाटे, एक बिघडलेले यंत्र, काही तुटक्या खुर्च्या आणि सात घोडे होते. लिलाव रीतसर पुकारला गेला, रकमा जमेस धरल्या गेल्या, पावत्या दप्तरी लागल्या. मामा त्या दिवशी पागेत आले नाहीत. त्यांनी रजेचा अर्ज दिला नव्हता, आणि त्याबद्दल त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापण्याच्या कागदावरही मीच सही केली.

पुढे दोन वर्षांनी तालुक्याच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. रात्रीची वरात, गॅसबत्त्यांचा झगझगाट, बँडचा कल्लोळ, आणि नवरदेव ज्या घोडीवर बसला होता तिच्या गळ्यात जरीचा रुंद पट्टा, कपाळावर आरशांचा तुरा. वरात वाकडी वळली तेव्हा तो पट्टा थोडा सरकला, आणि मानेच्या खाचेत एकाखाली एक अशा पाच-सहा कठीण गाठी बत्तीच्या उजेडात मला दिसल्या. सुईने पुन्हा पुन्हा उघडलेल्या शिरेवर अशा गाठी येतात. दुसऱ्या कशानेही येत नाहीत. तिच्या बरगड्या झालरीखालूनही मोजता येत होत्या. मी गर्दीतून पुढे होऊन हात पुढे केला. तिने मला ओळखले की नाही, हे सांगण्याचे साधन माझ्याजवळ नाही. माझा हात जवळ येताच तिने मान मागे घेतली, एवढे मी पाहिले. मग बँड पुढे निघाला आणि तीही गेली.

त्या रात्री घरी परतल्यावर मी स्वतःला विचारले की, यात माझा अपराध नेमका कोणता. रक्त काढले हा नव्हे. त्या रक्ताने एक बाई वाचलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. अपराध असेल तर तो त्या एका शब्दात होता. ‘अनुपयुक्त’ हा शेरा लसनिर्मितीच्या दृष्टीने बिनचूक होता, परंतु तो लिहिताना मी असे गृहीत धरले होते की उपयोग संपला म्हणजे संबंध संपला. दुसऱ्या जिवाकडून काही घेण्याची परवानगी आपल्याला गरज देते, आणि गरज खरी असेल तर ती परवानगीही खरी असते. पण घेतलेले फेडण्यातून ती कोणाला मोकळे करीत नाही. उलट गरज जितकी मोठी, तितके घेतलेलेही मोठे, आणि म्हणून देणेही मोठे. हा हिशेब आमच्या जमाखर्चात कोठेच नव्हता. खर्चाच्या बाजूला चंदी, कडबा, नाल, औषधे आणि मजुरी होती. जमेच्या बाजूला कुप्या होत्या. आणि देणे या सदरात फक्त कडब्याच्या व्यापाऱ्याचे नाव होते.

मी विश्वस्तांकडे अर्ज केला की, कामातून काढलेल्या घोड्यांना मरेपर्यंत संस्थेनेच पोसावे. एका विश्वस्तांनी, जे मनाने कठोर नव्हते, मला शांतपणे विचारले, “एका म्हाताऱ्या घोड्याच्या वर्षाच्या चाऱ्यात जितक्या कुप्या तयार होतील, तितक्या आपण कमी करावयाच्या काय? आणि त्या कमी पडलेल्या कुप्यांमुळे जो मरेल त्याला तुम्ही काय सांगाल?” या प्रश्नाने मी निरुत्तर झालो आणि अर्ज बारनिशीत तसाच पडून राहिला. पुष्कळ विचारानंतर मला जे उत्तर सुचले ते असे की, लशीच्या किमतीत घोड्याच्या म्हातारपणाची किंमत धरलेली नाही, म्हणून ती लस आपल्याला स्वस्त भासते. वास्तविक ती स्वस्त नाही, तिच्या किमतीचा एक भाग आपण त्या मुक्या जनावराच्या खात्यावर परस्पर टाकलेला आहे. हे मी लेखी कळविले. त्यानंतरही काही वर्षे गेली. जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात 1960 पासून होता. त्याखाली प्रयोगासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयीचे नियम 1998 साली आले, आणि पुढे देखरेख समितीने जगभर मान्य असलेल्या तीन तत्त्वांना, म्हणजे पर्याय शोधणे, संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे यांना, पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडले. प्राण्याचा उपयोग संपल्यानंतरची त्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच राहते, असे त्या चौथ्या तत्त्वाचे सांगणे. ज्या गोष्टीसाठी मी शब्द शोधीत होतो ती छापील हुकुमात वाचून मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू! संस्थेने माळाच्या उतारावरची काही जमीन कुंपण घालून निवृत्त घोड्यांसाठी राखली. त्याच सुमारास रक्त काढल्यावर निवळ वर येऊ देऊन, तळाशी बसलेल्या तांबड्या पेशी त्याच घोड्याच्या शिरेतून परत चढविण्याची पद्धतही आमच्याकडे सुरू झाली, आणि जनावरांचा थकवा दिसण्याइतका उणावला. विज्ञानाने उभा केलेला प्रश्न पुष्कळदा विज्ञानच हलका करते; पण तो प्रश्न आहे असे कोणाला तरी आधी वाटावे लागते.

संमती हा याच विषयाचा दुसरा, अधिक अवघड भाग. प्लेगची लस तयार करणाऱ्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि मगच ती इतरांना दिली. लहानपणी ही कथा ऐकताना अंगावर काटा येई. पुढे कळले की त्यानंतर लस घेण्यास पुढे आलेल्यांत भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी होते. ते राजीखुशीने पुढे आले असे नमूद आहे, परंतु कुलुपाआडचा माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा त्या होकारात राजीखुशी किती आणि कुलूप किती, हे कोणी तोलावे? घोड्याच्या बाबतीत तर होकाराचा प्रश्नच उद्भवत नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथे जिम नावाचा दुधाच्या गाडीचा घोडा घटसर्पाच्या लशीसाठी रक्त देत असे. 1901 साली त्याच्या धनुर्वातदूषित रक्तद्रवातून तेरा मुले दगावली, आणि त्यातून तेथे औषधनियंत्रणाचा कायदा झाला. लशीच्या इतिहासात ज्या घोड्याचे नाव राहिले तो जिम, आणि तेही दोष घडला म्हणून. ज्यांच्या रक्ताने मुले वाचली त्यांची नावे राहिली नाहीत. जो नकार देऊ शकत नाही त्याच्या वतीने कोणी तरी पुन्हा पुन्हा विचारीत राहिले पाहिजे, अशी त्यामुळे माझी धारणा झाली. आमच्या पागेत ते काम मामा करीत. एखाद्या सकाळी ते म्हणत, “आज ह्याला राहू द्या, ह्याचं मन न्हाई,” आणि मी हिमोग्लोबिनचा आकडा दाखवून वाद घातला तरी ते दावे सोडीत नसत. आठपैकी सहा वेळा संध्याकाळपर्यंत त्या घोड्याला ताप भरलेला असे.

पागेशेजारच्या इमारतीत उंदरांची खोली होती. तिच्याविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. लशीच्या प्रत्येक गटाचा कस पाहण्यासाठी विष आणि लस एकत्र करून पांढऱ्या उंदरांना टोचतात, आणि त्याआधी विषाची ताकद ठरविण्यासाठी, ज्या मात्रेने निम्मे उंदीर मरतात ती मात्रा शोधतात. तेथे काम करणाऱ्या एका तरुण साहाय्यकाने मला एकदा विचारले होते की, सर, घोड्यांना निवृत्ती मिळाली, यांना काय? मला उत्तर देता आले नाही. घोड्याला नाव देता येते, त्याच्या कपाळावरून हात फिरविता येतो, म्हणून आपले मन त्याच्याकडे धावते. उंदराच्या पिंजऱ्यावर केवळ आकडा असतो. आपल्या करुणेलाही ओळखीची गरज लागते, ही तिची मर्यादा त्या खोलीत मला दिसली. संख्या जितकी कमी करता येईल तितकी करणे, आणि उंदराशिवाय कस पाहण्याच्या रीती सिद्ध होताच त्या स्वीकारणे, यापलीकडे मी त्याला काही सांगू शकलो नाही.

नोकरीच्या उत्तरार्धात लशीचा वापर कसा होतो हे पाहण्यासाठी मी गावोगाव हिंडलो. एका आरोग्य केंद्रात कपाटाच्या मागच्या कप्प्यात मुदत उलटून गेलेल्या चाळीस-पन्नास कुप्या मला दिसल्या. रोगी येत असूनही, अॅलर्जी उठली तर काय करावयाचे या धास्तीने तेथील डॉक्टर एकही न वापरता त्यांना पुढे धाडीत होते. दुसरीकडे बिनविषारी दिवडाच्या चाव्यावर, नातलगांचे समाधान व्हावे म्हणून, चार कुप्या दिल्या गेल्या होत्या. तिसरीकडे मुलाला आधी देवळात, मग मांत्रिकाकडे आणि तीन तासांनी दवाखान्यात आणले होते, आणि लस असूनही ती कामी आली नाही. त्या मुदतबाह्य कुप्या हातात घेऊन मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. घोड्याला दिलेल्या वेदनेचे समर्थन केवळ एका गोष्टीने होते, ती म्हणजे वाचलेला जीव. कुपी कपाटात वाया गेली की ते समर्थन मागे जाऊन कोसळते, आणि जी वेदना काल आवश्यक होती ती आज नुसती वेदना उरते. नीतीचा प्रश्न प्रयोगशाळेच्या दाराशी सुटतो असे आपण समजतो, पण तो त्या कुपीबरोबर पार आडगावच्या कपाटापर्यंत प्रवास करतो. तमिळनाडूत चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या लोकांनी 1978 साली सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, सुमारे तीन आठवडे ठेवून चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडतात, आणि आपल्या लशीसाठीचे बरेचसे विष त्यांच्याकडून येते. तो साप, तो पकडणारा, तो घोडा, तो मोतद्दार आणि ते उंदीर, या सर्वांनी दिलेले काही तरी त्या दहा मिलिलिटरांत असते. केंद्रावरच्या डॉक्टरला नुसते इंजेक्शन देणे शिकवून भागत नाही. आपल्या हाती काय आले आहे, हेही त्याला कळले पाहिजे.

अलीकडे प्रयोगशाळेत तयार केलेल्या मानवी प्रतिपिंडांवर संशोधन चालू आहे. त्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचाही वाटा आहे. ते पूर्णत्वास गेले तर एक दिवस घोडा या कामातून मुक्त होईल. तो दिवस पाहावा अशी माझी इच्छा आहे. परंतु तोवर, आणि विशेषतः त्या दिवसाच्या आसपास, सावध राहावे लागेल. कारण चालत आलेली रीत गरज संपल्यावरही सवयीने चालू राहते, आणि तेव्हा आपण ज्याला गरज म्हणतो ती केवळ सोय उरते. म्हणून दर काही वर्षांनी, पागेची झडती घ्यावी तशी, गरजेचीही झडती घेतली जावी असे मला मनापासून वाटते.

खंडेनवमीला आमच्या पागेत हत्यारांची पूजा होत असे. पाटावर खरारा, नाल काढण्याची पकड, लगाम, रिकिबी मांडल्या जात, घोड्यांच्या गळ्यांत झेंडूच्या माळा पडत. मामा त्या पाटावर रक्त काढण्याची सुई कधी ठेवू देत नसत. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. 2012 साली, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, मामा हयात नव्हते. त्यांचा नातू पाट मांडीत होता, त्याने मला विचारले, “सर, सुया ठेवायच्या का?” मी नको म्हणालो, आणि खिशातले पेन काढून त्याच्या हाती दिले, कारण माझे खरे हत्यार ते होते, सुईने मी जे केले त्याहून अधिक मी त्याने केले होते. त्याच्याशेजारी निवृत्त घोड्यांची नोंदवही उघडून ठेवली. पूजा झाल्यावर, वही मिटण्यापूर्वी, मी ते पेन उचलले आणि पहिल्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत, जेथून ती यादी खरे म्हणजे सुरू व्हावयास हवी होती, तेथे लिहिले: क्रमांक 47, शेवंती, कुमैत, सेवा नऊ वर्षे. शेवटचा रकाना ‘सध्याचा मुक्काम’ असा होता. त्यात मला काही लिहिता आले नाही.